वीज आल्यावर सर्व्हरचा बीएमसी सापडत नाही? आयपीएमआयटूलने पत्ता असा तपासा

पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात वीज तासन्‌तास जाते, यूपीएस संपतो. वीज आल्यावर सर्व्हर उठतो, पण बीएमसी (सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवणारी त्यातली वेगळी छोटी चिप) नेटवर्कवर दिसत नाही. सर्व्हरवरच रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’ (ipmitool lan print 1) चालवा; आयपीएमआयटूल हा बीएमसीशी बोलणारा लिनक्सवरचा प्रोग्राम, १ हा चॅनेलचा आकडा. सोर्स डीएचसीपी (पत्ता राउटरकडून आपोआप घेणं) आणि पत्ता ०.०.०.० दिसला, तर बहुधा बीएमसी राउटरच्या आधी सुरू झाला आणि पत्ता द्यायला कोणी नव्हतं. अशा भागात बीएमसीला कायमचा पत्ताच द्यावा, तोही राउटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा.

इथे क्रम चुकवू नका. आधी ‘लॅन सेट १ आयपीएसआरसी स्टॅटिक’ (lan set 1 ipsrc static, म्हणजे सोर्स कायमचा), मग त्याच ‘लॅन सेट १’पुढे ‘आयपीअ‍ॅडर’ (ipaddr, पत्ता), मग ‘नेटमास्क’ (netmask), शेवटी ‘डीईएफजीडब्ल्यू आयपीअ‍ॅडर’ (defgw ipaddr, राउटरचा पत्ता). सोर्स डीएचसीपीवरच ठेवून पत्ता भरला, तर काही बीएमसी तो नाकारतात. काही घेतात आणि पुढच्या वेळी डीएचसीपीकडून पत्ता मागताना पुसतात.

चॅनेल १ वर चूक आली तर ‘चॅनेल इन्फो’ला २, ३ असे आकडे देऊन लॅनचा चॅनेल शोधा, एचपीच्या आयएलओत (एचपीच्या बीएमसीचं नाव) तो सहसा २ असतो. आयपीएमआय डिव्हाइसच उघडत नाही असं आयपीएमआयटूल म्हणत असेल, तर आयपीएमआय_एसआय (ipmi_si) आणि आयपीएमआय_डेव्हइंटएफ (ipmi_devintf) ही लिनक्स कर्नलची मॉड्यूल लोड करा.

पत्ता बरोबर दिसूनही पिंग होत नसेल तर दुसऱ्या मशीनवरून करून पाहा. बीएमसी आणि सर्व्हर एकच पोर्ट वापरत असतील, तर त्याच सर्व्हरवरून पिंग अनेकदा लागत नाही. मध्ये फायरवॉल असेल तर पिंगसाठी आयसीएमपी आणि दुरून आयपीएमआयटूल वापरण्यासाठी यूडीपी पोर्ट ६२३ उघडा. तरीही अडलं तर आयपीएमआयटूलने ‘एमसी रीसेट कोल्ड’ (mc reset cold): फक्त बीएमसी पुन्हा सुरू होतो, सर्व्हर चालूच राहतो. पंखे थोडा वेळ जोरात फिरले तर घाबरू नका.