घर घेतल्यावर आधीच्या मालकाने लपवलेली तोडफोड सापडली, तर काय करावे?

पुनर्विक्रीचा फ्लॅट घेतला, रंगकामाआधी जुने फॉल्स सीलिंग उतरवले आणि वरच्या बीमचा खालचा भाग छिन्नीने उडवलेला दिसला. किंवा ज्या ऐसपैस हॉलवर भुलून घर घेतले, तो मधली भिंत पाडून केला होता, हे मंजूर नकाशा हातात आल्यावर कळले. विकणाऱ्याने यातले अवाक्षरही काढले नव्हते.

अशा वेळी बहुतेक जण लगेच गवंडी बोलावून सगळे बुजवून टाकतात, नाहीतर विकणाऱ्याला फोन करून भांडतात. बुजवले की पुरावा जातो, आणि नुसत्या भांडणाने समोरचा सावध होतो. म्हणून क्रम पाळा: आधी जीव, मग पुरावा, मग इंजिनिअरचे लेखी मत, मग कागदपत्रे आणि शेवटी पैशांची गोष्ट.

१. काम थांबवा आणि खालच्या घराला सांगा

घरात ब्रेकर किंवा ग्राइंडर चालू असेल तर तो त्याच क्षणी बंद करा. तडा काही तासांत वाढताना दिसणे, दारे अचानक अडकू लागणे, खांबातून आवाज येणे, खांबाचे काँक्रीट फुटून आतल्या सळ्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या दिसणे, यातले एक जरी लक्षण असेल तर सामान आवरत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, वरच्या-खालच्या घरांनाही बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मुंबईत महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १९१६ हा क्रमांकही आहे.

ही घाबरवण्यासाठी केलेली अतिशयोक्ती नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तळमजल्याचा खांब वरच्या सगळ्या मजल्यांचा भार वाहतो, त्यामुळे तिथली छेडछाड आणि वरच्या मजल्यावरची एखादी पाडलेली पार्टिशन भिंत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटते, घराची किंमत पडेल अशी भीती वाटते, हे खरे. पण तुमच्या स्लॅबखाली जे कुटुंब झोपते, त्याचा हा कळण्याचा हक्क तुमच्या किमतीच्या काळजीपेक्षा मोठा आहे. त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा आणि पोच घ्या.

टेकू लावायची घाई मात्र स्वतःच्या मनाने करू नका. तुमच्या घरातला टेकू वरचा भार तुमच्या फरशीवर, म्हणजे खालच्या स्लॅबवर टाकतो. तो स्लॅब त्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून टेकू बऱ्याचदा खालच्या मजल्यांतूनही द्यावे लागतात. किती, कुठे आणि किती मजल्यांपर्यंत, हे इंजिनिअरच सांगू शकतो.

२. नेमके काय कापले आहे, ते समजून घ्या

“भिंत पाडली” या दोन शब्दांचा अर्थ इमारतीच्या जातीवर ठरतो.

खांब, बीम, स्लॅब असा आरसीसी सांगाडा असलेल्या इमारतीत खोल्यांमधली साडेचार इंची विटांची भिंत सहसा भार घेत नाही. ती पाडल्याने इमारत लगेच धोक्यात येते असे नाही. तरी वर्षानुवर्षे बीम किंचित वाकून अशा भिंतीवर टेकलेला असू शकतो, म्हणून बघून घेतलेले बरे. जुन्या चाळी, वाडे आणि दोन-तीन मजली घरांत नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंती हाच आधार असतो. तिथे भिंत काढून लोखंडी गर्डर टाकलेला दिसला तर त्याची दोन्ही टोके कशावर टेकली आहेत ते पाहा. खाली काँक्रीटचा ठोकळा न देता गर्डर थेट विटांवर ठेवला असेल तर तिथल्या विटा चिरडू लागतात.

तिसरी जात नव्या टॉवरांची. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध ओततात, त्या पद्धतीला सगळे ‘मायवन’ म्हणतात. इथे दोन बेडरूममधली पातळ वाटणारी भिंतही काँक्रीटची असते आणि भार वाहते. नवे दार काढण्यासाठी किंवा स्वयंपाकघर उघडे करण्यासाठी ती कापली असेल तर ते पार्टिशन पाडणे नव्हे, खांब कापण्याच्या जवळपासची गोष्ट आहे.

भिंत कशाची आहे ते आधीच असलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून कळते. लाल भुकटी निघाली तर वीट, पांढुरकी आणि मऊ निघाली तर हलका ब्लॉक, राखाडी आणि कडक असेल तर काँक्रीट. नवे भोक पाडायची गरज नाही.

लपवलेली कामे ठरावीक जागी सापडतात. डोक्याला लागू नये म्हणून तासलेला बीम. एसीच्या पाइपसाठी बीममधून आरपार पाडलेले भोक. कपाट नीट बसावे म्हणून उडवलेला खांबाचा कोपरा. वायरिंगसाठी खांबात पाडलेली खाच. हा शेवटचा प्रकार क्षुल्लक समजला जातो, पण आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार खांबाच्या मुख्य सळ्यांवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण लागते. पाइप बसेल एवढी खाच त्यातला बराचसा भाग खाते. मग ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटच्या ढलप्या पडतात.

हलवलेल्या बाथरूमकडे विशेष लक्ष द्या. मूळ बाथरूमचा स्लॅब खाली दाबून घेतलेला असतो, म्हणजे पाइप आणि भराव त्यात मावतात. बेडरूमच्या साध्या स्लॅबवर नवे बाथरूम करताना जमीन उंच करून विटांचे तुकडे आणि मसाल्याचा भराव घालतात. असा १५ सेंटिमीटरचा भराव चौरस मीटरला साधारण तीनशे किलो भरतो. राहत्या खोलीचा स्लॅब माणसे आणि सामान धरून चौरस मीटरला सुमारे २०० किलोच्या चल भारासाठी धरलेला असतो. एका खोलीची जमीन बाकीच्या घरापेक्षा पायरीभर उंच दिसली की खाली काय भरले आहे ते विचारलेच पाहिजे.

तड्यांचेही प्रकार असतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली बारीक आडवी रेघ बऱ्याचदा दोन वेगळ्या साहित्यांमुळे येते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपा चढणारा तडा किंवा खांबावर सळईच्या रेषेत उभा गेलेला, गंजाचे डाग असलेला तडा गंभीर समजा. तडा जिवंत आहे का हे पाहायचा जुना उपाय आजही चालतो: तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली, तर हालचाल सुरू आहे.

३. काहीही बुजवण्याआधी पुरावा गोळा करा

दिवसा उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून, लांबून आणि जवळून फोटो घ्या. विकणाऱ्याचे नेहमीचे उत्तर असते, “मी घेतलं तेव्हाही असंच होतं.” म्हणून काम कधी झाले हे दाखवणाऱ्या वस्तू सर्वांत मोलाच्या. सीलिंगमध्ये किंवा भरावात कोंबलेले वर्तमानपत्र, वायरवर किंवा पाइपवर छापलेले उत्पादनाचे वर्ष, टाइल्सच्या मागचा शिक्का, उरलेल्या खोक्यांवरची तारीख. डेब्रिज टाकून द्यायच्या आधी ते चाळा.

घराच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, दलालाबरोबरचे व्हॉट्सअॅप संदेश आणि कर्ज घेतले असल्यास बँकेच्या मूल्यांकनाचा अहवाल एका जागी ठेवा. दुरुस्ती करण्याआधी विकणाऱ्याला पाहणीची लेखी संधी द्या. तातडीने आधार द्यावाच लागला, तर आधीची स्थिती इंजिनिअरच्या हातून नोंदवून घ्या.

४. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा

महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. इंटिरिअरवाला किंवा कंत्राटदार नको. अहवाल देणारा आणि दुरुस्तीचे काम घेणारा एकच नसावा, यावर मी ठाम आहे. चार प्रश्न लेखी द्या: काय कापले, आज राहणे सुरक्षित आहे का, दुरुस्ती कशी आणि खर्च अंदाजे किती.

मूळ आरसीसी नकाशे सोसायटीकडे किंवा बिल्डरकडे मिळाले तर त्याचे काम सोपे होते. गरजेनुसार तो काँक्रीटचा कणखरपणा आजमावणारा रिबाउंड हॅमर, आतल्या पोकळ्या-भेगा शोधणारी अल्ट्रासोनिक चाचणी किंवा सळई शोधणारे यंत्र वापरेल. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते. रंग आला नाही, तर तिथे सळईचे गंजापासून रक्षण करणारा गुण संपलेला असतो.

५. कागद शोधा

सोसायटीच्या उपविधींनुसार घरात फेरफार करायला समितीची लेखी परवानगी लागते. म्हणून तुमच्या फ्लॅटची फाइल मागा: नूतनीकरणाचा अर्ज, नकाशा, भरलेली अनामत, खालच्या घराने केलेली गळतीची तक्रार. जुन्या सभांची इतिवृत्तेही वाचा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. त्या अहवालात तुमच्या फ्लॅटचा उल्लेख आधीच असेल, तर विकणाऱ्याला माहीत नव्हते असे म्हणणे अवघड जाते.

मंजूर नकाशासाठी महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदलेला प्रकल्प असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरही पाहा.

६. विकणाऱ्याला नोटीस

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चे कलम ५५ इथे कळीचे आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे म्हणजे कपट, असे हेच कलम म्हणते. सीलिंगमागचा तासलेला बीम या व्याख्येत चांगला बसतो. उघड दिसणारी बंद केलेली बाल्कनी बसणे कठीण.

वकिलाला खरेदीखत दाखवा. त्यात ‘आहे त्या स्थितीत’ किंवा नुकसानभरपाईच्या हमीचे कलम असू शकते आणि त्यावर पुढचा डाव ठरतो. नोटिशीत इंजिनिअरचा अहवाल जोडून दुरुस्तीचा खर्च मागा. बहुतेकांसाठी व्यवहार रद्द करण्यापेक्षा हा मार्ग व्यवहार्य असतो, कारण मुद्रांक शुल्क, कर्ज आणि मुलांची शाळा हे सगळे उलटे फिरवणे सोपे नाही. कपटाच्या प्रकरणात मुदत साधारणपणे कपट उघड झाल्यापासून मोजतात आणि अशा दाव्यांना ती सहसा तीन वर्षांची असते. दलालाविरुद्ध ग्राहक आयोगात जायचे असेल तर दोनच वर्षे.

इमारत नवी असेल आणि दोष बिल्डरचा असेल तर वाट वेगळी. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला संरचनात्मक दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आधीच्या मालकाने केलेली तोडफोड मात्र यात येत नाही.

७. महापालिका आणि दुरुस्ती

काम कोणीही केले असो, विनापरवाना बांधकामाची नोटीस आजच्या मालकाच्या दारात येते. ती येण्याची वाट पाहू नका. आर्किटेक्टमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव द्या. काही फेरफार नियमित होऊ शकतात, काही मूळ स्थितीत आणावे लागतात. कापलेला खांब किंवा बीम नियमित करायच्या भानगडीत पडू नका, तो मजबूतच करायचा.

काम पूर्ण झाल्यावर इंजिनिअरकडून स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्या. आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो, अहवाल, परवानग्या आणि बिले एका फाइलमध्ये लावा आणि एक प्रत सोसायटीला द्या. कलम ५५ चे बंधन आता तुमच्यावरही आहे: पुढे घर विकायला काढाल तेव्हा ही फाइल साठेखताच्या आधी खरेदीदाराच्या हातात द्या आणि ती मिळाल्याची सही घ्या.