केटीएलएसच्या असिंक रिक्वेस्टला हात लावायच्या आधीची तयारी

लिनक्स कर्नलमधल्या टीएलएसच्या (नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल, कर्नलमधला तो केटीएलएस) कोडमध्ये पॅच टाकायचा असेल किंवा कोणाचा पॅच रिव्ह्यूला आला असेल तर एडिटर उघडायच्या आधी कागद-पेन घ्या. खरंच घ्या, कारण हे डोक्यात मावत नाही. सेंडमेसेज किंवा रिसीव्हमेसेजमधून (सॉकेटवर डेटा पाठवणारा आणि घेणारा कॉल) एक असिंक, म्हणजे निकाल नंतर कॉलबॅकने कळवणारी, क्रिप्टो रिक्वेस्ट निघाली की ती कोणी अलोकेट केली, तिच्यामागचा कॉन्टेक्स्ट कोणाच्या जिवावर उभा आहे, पानं म्हणजे पेजेस कोणाच्या ताब्यात आहेत आणि शेवटचा रेफरन्स (ही मेमरी अजून कोणीतरी वापरतंय याची नोंद) नेमका कोणत्या ओळीवर सुटतो, हे सगळं त्या कागदावर यायला हवं. "कोणीतरी सोडतंच" असं एकाही ठिकाणी वाटलं तर बग तिथेच आहे असं धरून चाला. लॉक कोणता घ्यायचा हा प्रश्न नंतरचा, आधी आयुष्य कोणाच्या हातात हे ठरवायचं, आणि माझ्या मते निम्मे लोक हा क्रम उलटा करतात म्हणून लॉकवर लॉक चढत जातात आणि रेस (दोघांपैकी आधी कोण पोचतो यावर निकाल बदलणारा बग) तिथल्या तिथेच राहते.

मग फेब्रुवारी २०२४ मधले टीएलएसचे फिक्स वाचून काढा, त्यांचे सीव्हीई नंबर (जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींचे क्रमांक) सीव्हीई-२०२४-२६५८२ पासून २६५८५ पर्यंत चार लागोपाठ आहेत. प्रत्येकाचा कमिट मेसेज जुन्या कोडशेजारी ठेवून वाचा, नुसता डिफ बघून काही हाती लागत नाही. २६५८३ वर जास्त वेळ घालवा. तिथे असिंक कॉलबॅक स्पिनलॉक घ्यायचा, पेंडिंग काउंट (अजून न संपलेल्या रिक्वेस्टचा आकडा) कमी करायचा, शून्य झाला की कम्प्लीट() म्हणायचा आणि मग लॉक सोडायचा, वाचायला अगदी सभ्य कोड. पण कम्प्लीट() म्हटल्याक्षणी वाट बघणारा थ्रेड दुसऱ्या सीपीयूवर जागा होतो, रिसीव्हमेसेजमधून बाहेर पडतो, युजरस्पेसने सॉकेट बंद केलं तर कॉन्टेक्स्ट फ्री होतो आणि इकडे कॉलबॅक त्याच फ्री झालेल्या मेमरीतला लॉक सोडत बसलेला असतो. म्हणजे रेसपासून वाचवायला ठेवलेला लॉकच रेसमध्ये सापडला. फिक्समध्ये लॉक काढूनच टाकला, पेंडिंगचा काउंट शून्याऐवजी १ पासून सुरू केला, तो एक मुख्य थ्रेडचा स्वतःचा. वाट बघायची वेळ आली की मुख्य थ्रेड आपला एक कमी करतो, शून्य झाला तर थांबायची गरजच नाही, नाही झाला तर शेवटचा कॉलबॅक कम्प्लीट() म्हणेल आणि त्यानंतर कशालाही हात लावणार नाही. इतका स्वच्छ फिक्स फार कमी बघायला मिळतो, तो हाताने कागदावर उतरवून बघा.

त्याचाच भाऊ २६५८५. एन्क्रिप्टच्या कॉलबॅकमध्ये आधी कम्प्लीट() होत होतं आणि मग ट्रान्समिटचं वर्क (नंतर चालवायला रांगेत टाकलेलं काम) शेड्यूल होत होतं, फिक्स म्हणजे फक्त क्रम बदलला. तेव्हा यादीत हे ठळक लिहा की तुमच्या कॉलबॅकमध्ये कम्प्लीट() किंवा शेवटचा पुट (रेफरन्स सोडणं) झाल्यावर एकही ओळ कॉन्टेक्स्टला शिवत नाही ना, ट्रेसपॉइंट आणि स्टॅटिस्टिक्सचे काउंटर धरून, कारण तीच ओळ नजरेतून सुटते.

ईबिझी या एरर कोडचं प्रकरण वेगळं काढून बघायचं. क्रिप्टो एपीआयला मे-बॅकलॉगचा फ्लॅग दिलात तर रांग भरलेली असताना ईबिझी परत येतो, पण रिक्वेस्ट फेटाळलेली नसते, ती बॅकलॉगमध्ये गेलेली असते आणि पुढे प्रोसेस होणारच असते. शिवाय कॉलबॅक दोनदा येतो, आधी इनप्रोग्रेस घेऊन आणि मग खरा निकाल घेऊन. पहिल्या हाकेलाच फ्री केलंत तर संपलं. आणि ईबिझीला साधा एरर समजून एरर पाथमध्ये सगळं सोडून दिलंत तरी संपलं, कारण तीच मेमरी कॉलबॅक नंतर पुन्हा हाताळणार आहे. २६५८४ नेमका हाच. पण त्या फिक्सनंतर डिक्रिप्टच्या बाजूला अजून एक यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं) निघाला, बॅकलॉगमधली रिक्वेस्ट फेल झाली की कॉलबॅकने आधीच सोडलेली पानं एरर पाथ पुन्हा सोडायचा, आणि तो वेगळा फिक्स करावा लागला. म्हणून फिक्स लिहिताना त्या फंक्शनमधून बाहेर पडायच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या मोजा आणि प्रत्येक वाटेवर मालकी माझ्याकडे आहे की कॉलबॅककडे गेली ते शेजारी लिहा.

पानांचंही तसंच. २६५८२ मध्ये डिक्रिप्ट झालेला डेटा युजरने अर्धाच वाचला, उरलेला नंतर वाचायचा होता, पण रेफरन्स घेतलेलाच नसलेल्या पानांवर कॉलबॅकने पुट मारला आणि पुढच्या रीडला तीच पानं गेलेली. जिथे पुट दिसतो तिथे त्याचा गेट (रेफरन्स घेणं) बोट ठेवून दाखवता आला पाहिजे, नाही दाखवता आला तर पुढे जाऊ नका.

क्लोजचा रस्ता शांतपणे, दिवसाच्या सुरुवातीला वाचा. ट्रान्समिटचं वर्क सॉकेट लॉक घेतं. मग क्लोज करताना सॉकेट लॉक धरून त्या वर्कला कॅन्सल-सिंक (रद्द करून ते संपेपर्यंत थांबणं) केलंत तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. म्हणून टीएलएसच्या क्लोजमध्ये लॉक-सॉक (हाच सॉकेट लॉक) घ्यायच्या आधीच क्लोजिंगचा बिट लावतात, शेड्यूल्डचा बिटही आधीच लावून ठेवतात म्हणजे नवीन वर्क कोणी टाकू शकत नाही, मग वर्क कॅन्सल करतात आणि त्यानंतर लॉक. तुम्ही नवीन टायमर किंवा वर्क आणत असाल तर आधी दार बंद, मग आतल्याला बाहेर काढणं, मग फ्री, हा क्रम यादीत हवाच. उलट केलंत तर कॅन्सल आणि फ्रीच्या मधल्या फटीत नवीन वर्क घुसेल.

हँडशेकच्या, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला किल्ल्या ठरवण्याच्या, कोडमध्ये काम असेल (कर्नल ६.४ पासून, २०२३ मध्ये आलेला, कर्नल हँडशेकचं काम टीएलएसएचडी या युजरस्पेस डीमनला देतो, एनएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमसाठी वापरतात) तर रिक्वेस्ट कॅन्सल करायचा कोड वाचा. टाइमआउट झाला म्हणून तुम्ही कॅन्सल करताय आणि त्याच क्षणी डीमनकडून डन येतोय, ही रेस होणारच, ती टाळता येत नाही, फक्त जिंकलं कोण ते ठरवता येतं. ते एका टेस्ट-अँड-सेट बिटवर ठरतं, पहिला सेट करणारा जिंकला. कॅन्सलने ट्रू दिलं तर कॉलबॅक येणार नाही, फॉल्स दिलं तर रिक्वेस्ट सापडलीच नाही किंवा कॉलबॅक होऊन गेलाय, कदाचित आत्ता दुसऱ्या सीपीयूवर चालू असेल. ही रिटर्न व्हॅल्यू टाकून देणारा कॉलर दिसला की रिव्ह्यूमध्ये तिथेच थांबवा, कारण कॉलबॅकसाठी घेतलेला रेफरन्स कोणी सोडायचा हे त्या एका व्हॅल्यूवर अवलंबून आहे, चुकलात तर लीक तरी होईल नाहीतर डबल पुट.

लूकअप असेल, म्हणजे हॅशटेबलमधून आरसीयूखाली (लॉक न घेता वाचायची कर्नलची पद्धत) रिक्वेस्ट शोधताय, तर सापडली म्हणजे जिवंत आहे असं नाही. रेफकाउंट-इन्क-नॉट-झीरो (काउंट शून्य नसेल तरच वाढवणं) करा आणि नाही मिळालं तर सापडलीच नाही असं समजा.

आता मशीन. कासान (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारा) चालू केलेलं एक बिल्ड, केसीसॅनचं (डेटा रेस पकडणारा) वेगळं बिल्ड, दोन्ही आधीच करून ठेवा. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, कासान फक्त प्रत्यक्ष चाललेल्या रस्त्यावरचं सांगतो आणि साध्या लॅपटॉपवर असिंकचा रस्ता चालतच नाही, प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये एईएस-एनआय (सीपीयूमधल्या एन्क्रिप्शनच्या सूचना) लगेच काम उरकून मोकळं होतं. पीक्रिप्टचा (क्रिप्टोचं काम वेगवेगळ्या सीपीयूंवर असिंक वाटणारं मॉड्यूल) जीसीएम (टीएलएसमधला एन्क्रिप्शनचा एक प्रकार) इन्स्टन्स उभा करा, त्याची प्रायॉरिटी जास्त असल्याने केटीएलएस तोच उचलतो. टेस्ट टीएलएस १.२ वर पण चालवा, कारण त्या फिक्सच्या वेळच्या कोडमध्ये १.३ ला असिंक डिक्रिप्ट मुद्दाम बंद आहे आणि फक्त १.३ वर टेस्ट केलीत तर रिसीव्हची अर्धी बाजू बघितलेलीच नसते. ईबिझीसाठी क्रिप्टडीच्या (क्रिप्टो रिक्वेस्ट रांगेत लावून असिंक चालवणारं मॉड्यूल) रांगेची लांबी, जी डीफॉल्ट १००० असते, ती मॉड्यूल पॅरामीटरने एकदम कमी करा. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट, टेस्ट बिल्डमध्ये कम्प्लीट()च्या लगेच नंतर एक आणि काउंट कमी करायच्या आधी एक असा काही मिलिसेकंदांचा एमडीले (न झोपता वेळ काढणारं फंक्शन) टाकून बघा (झोपणारं फंक्शन नको, तिथे सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे झोपायला बंदी असलेला इंटरप्टचा कॉन्टेक्स्ट, असू शकतो), जी फट नॅनोसेकंदांची होती ती मोठी होते आणि आठवड्यात एकदा येणारा क्रॅश पाच मिनिटांत समोर येतो.

सेल्फटेस्टमधली नेट/टीएलएसची टेस्ट पॅचच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा चालवून लॉग जपून ठेवा. कमिट मेसेजमध्ये दोन सीपीयूंचे दोन कॉलम करून कोणती ओळ कोणाच्या नंतर चालली ते लिहा, फिक्सेसचा टॅग (बग कोणत्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) लावताना गिट ब्लेमवर (प्रत्येक ओळ कोणत्या कमिटची ते दाखवणारी कमांड) दिसलेला शेवटचा कमिट न उचलता रेस जिथे पहिल्यांदा शक्य झाली तो शोधा, नाहीतर स्टेबलच्या (फक्त फिक्स घेत राहणाऱ्या) जुन्या शाखांना फिक्स पोचणारच नाही आणि तिथे चालणारी मशीन्स उघडी राहतील.