ऑगस्टीनचं ‘देवाचं नगर’ वाचायचं तर पंधराव्या भागापासून

ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपचा बावीस भागांचा हा लॅटिन ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला घेतला की माणूस रोमच्या देवदेवतांच्या वर्णनात अडकतो आणि पुस्तक मिटतो. आमच्या वाचनगटात नवीन आलेल्याला मी थेट पंधरावा भाग उघडायला सांगते. नगर मुळात वसलं कसं, हा प्रश्न तिथे आहे.

त्याआधी बायबलमधल्या उत्पत्तीचा चौथा अध्याय वाचून घ्या, छोटाच आहे. काइन भावाला, हाबेलला, ठार मारतो. मग सतराव्या वचनात नगर बांधतो आणि त्याला मुलाचं नाव देतो, हनोख. ऑगस्टीन म्हणतो, काइनने नगर वसवलं, हाबेलने वसवलं नाही. हाबेल या पृथ्वीवर परका म्हणूनच राहिला.

पंधराव्या भागाचं पाचवं प्रकरण मात्र घाईने वाचू नका. इथे तो रोमकडे वळतो: रोम्युलसने रेमसला मारलं, म्हणजे तिथेही पायाशी भावाचं रक्त. पण दोन्ही खून तो एका मापाने मोजत नाही. रोम्युलस आणि रेमस दोघांनाही रोम स्थापल्याचं श्रेय हवं होतं, आणि सत्ता वाटून घेतली की ती कमी होते. काइन-हाबेलमध्ये वाटणीचा प्रश्नच नव्हता. हाबेल चांगला आहे, एवढंच काइनला सहन झालं नाही. मला हा सगळ्या ग्रंथातला सर्वांत भेदक उतारा वाटतो.

आठव्या प्रकरणात पेन्सिल हाती घ्या. पृथ्वीवर माणसं मोजकी, मग नगर कुणासाठी, ही शंका तो टाळत नाही. अब्राहामाच्या वंशात चारशेहून थोड्या अधिक वर्षांत सहा लाख लढवय्ये झाले. काइनच्या काळची माणसं तर शेकडो वर्षं जगत, असा त्याचा हिशेब आहे. पुढच्याच प्रकरणात उत्तर आफ्रिकेतल्या उटिकाच्या किनाऱ्यावर स्वतः पाहिलेल्या माणसाच्या अवाढव्य दाढेची हकीकत येते, तीही सोडू नका.

आता काळ बघा. 410 मध्ये अलारिक राजाच्या गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, आणि जुने देव सोडल्यामुळेच हे घडलं असा ठपका ख्रिस्ती लोकांवर आला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या या बिशपने 413 ते 426 या काळात त्याला उत्तर म्हणून हा ग्रंथ लिहिला.

शहर वाईट आणि खेडं चांगलं, असा अर्थ कृपा करून काढू नका. चौदाव्या भागाचं शेवटचं प्रकरण वाचलंत की कळेल: त्याची दोन नगरं दोन प्रेमांतून उभी राहतात, एक स्वतःवरच्या आणि दुसरं देवावरच्या. दोन्हींचे लोक एकाच गल्लीत, एकाच चर्चमध्येही मिसळलेले असतात. त्यांची निवड शेवटच्या न्यायाच्या दिवशी. ऑगस्टीनच्या शतकभर आधी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने तर माणसं एकत्र राहू लागली ती श्वापदांच्या भीतीने, हे मतच फेटाळलं होतं. माणसाला माणसाची ओढ असते, असं त्याचं म्हणणं.

यानंतर एकोणिसाव्या भागाचं सतरावं प्रकरण घ्या. परक्यासारखं राहणाऱ्यांनाही नगरातली शांतता का हवी असते आणि तिथले कायदे ते का पाळतात, ते तिथे आहे. मग पहिल्या भागाकडे या.