ऑलिव्हच्या डोंगरात सायकल: हाएनच्या बाजूला शांत रस्ते कसे शोधायचे

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात हाएन म्हणून एक प्रांत आहे, तिथे ऑलिव्हची ६ कोटींच्या वर झाडं आहेत. आकडा वाचून काही वाटत नाही, पण सायकलवरून एखाद्या घाटाच्या माथ्यावर थांबलात आणि मागे वळून बघितलंत की चारही दिशांना डोंगरांवर नुसते हिरवे ठिपके, एका रेषेत, क्षितिजापर्यंत, तेव्हा डोकं गरगरतं. मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा ऐन तोडणीच्या हंगामात गेलो होतो आणि तो शुद्ध वेडेपणा होता, दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये. बऱ्याच जणांनी विचारलं की रस्ते कसे निवडलेस, ट्रॅफिक नव्हतं का, म्हणून हे लिहितोय.

आधी नकाशाचं सांगतो कारण इथे सगळे फसतात. तिथे रस्त्याचा नंबर ‘ए’ने सुरू झाला म्हणजे तो एक्सप्रेसवेच असं काही नाही. ए-४४, ए-९२ असे दोन आकडी असतील तर ते ‘आउतोव्हिआ’ म्हणजे चौपदरी मोठे हायवे, त्यांचं नाव काढायचं नाही. तीन आकडी (ए-३१९, ए-३२०) म्हणजे प्रदेशाचे मुख्य रस्ते, पाटी नारिंगी. चार आकडी म्हणजे त्याहून लहान, पाटी हिरवी. आणि ‘जेए’ किंवा ‘सीओ’ने सुरू होणारे म्हणजे हाएन आणि कोर्दोबा प्रांतांचे आपापले रस्ते, पाटी पिवळी. तुम्हाला हवेत ते हे पिवळे, आणि हिरवे चालतील. नारिंगी फक्त दोन पिवळ्यांना जोडायला. एकच मोठा अपवाद, ए-३१६. तीन आकडी आहे म्हणून मी बिनधास्त त्याच्यावरून रूट आखला होता, तर तो ऑलिव्हचा हायवेच निघाला, बऱ्याच भागात चौपदरी, ट्रक धाडधाड जातायत. रूट बनवणारं ॲप तुम्हाला त्याच्यावर ढकलू शकतं, म्हणून रूट सेव्ह करायच्या आधी नंबर वाचायचे, नुसती रेषा बघून भागत नाही.

दुसरी युक्ती, जिथे नवीन हायवे झालाय तिथे जुना रस्ता शेजारीच पडलेला असतो. ग्रानादाकडे जाणाऱ्या ए-४४ च्या बाजूने जुना एन-३२३ए असाच आहे, रुंद आणि जवळजवळ रिकामा. पण एक सांगतो, रिकामा असला तरी शांत नाही हां, हायवेची घरघर कानात बसते. जोडरस्ता म्हणून ठीक, त्याच्यासाठी मुद्दाम जाऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे अशा खिंडी शोधायच्या जिथे गाडीवाल्यांना सोपा पर्यायी रस्ता आहे. दोन गावांमध्ये एक वळसा घालून जाणारा सपाट रस्ता असेल आणि एक डोंगरावरून, तर गाडीवाला डोंगरावर कशाला येईल. माझा सगळ्यात आवडता रस्ता असाच सापडला. सिएर्रा माहिना म्हणून डोंगररांग आहे, तिचं माहिना शिखर २१६७ मीटर, हाएन प्रांतात सगळ्यात उंच. मांचा रेआल गावात मुक्काम करायचा, सकाळी तोर्रेस गावाकडे निघायचं. तोर्रेसला ऑलिव्हबरोबर चेरीच्या बागा आहेत, त्यामुळे वसंतात गेलात तर अख्खा उतार पांढरा. तिथून चढ सुरू होतो तो अल्बांचेथच्या खिंडीपर्यंत, हजार मीटरच्या वर, ऑलिव्ह हळूहळू मागे पडतात, झुडपं येतात, मग नुसता खडक. मला अख्ख्या चढावर एक पोस्टाची व्हॅन आणि दोन शेळ्या भेटल्या. पलीकडे उतरलं की अल्बांचेथ गाव, वर सुळक्यावर किल्ला असा ठेवलाय की तिथे बांधकामाचं सामान कसं नेलं असेल याचाच विचार करत बसतो आपण. मग हिमेना, आणि ए-३२० ने परत मांचा रेआल. अर्ध्या दिवसाचा रूट आहे, चढ धरून निवांत केलात तर दुपारच्या जेवणाला परत. ए-३२० वर गाड्या असतात, तो भाग मी शेवटी ठेवतो कारण तिथे फक्त पाय फिरवायचेत.

आता पहिल्याच दिवशी एवढा चढ नको असेल तर ‘व्हिया वेर्दे देल आथेइते’ आहे, म्हणजे तेलाची हिरवी वाट. जुनी रेल्वे लाइन, याच भागातलं ऑलिव्ह तेल वाहून न्यायची, १९८५ मध्ये बंद पडली, रूळ काढून सायकलची वाट केली. हाएन शहरापासून कोर्दोबा प्रांतातल्या पुएन्ते हेनिलपर्यंत १२८ किमीच्या आसपास. रेल्वेची असल्यामुळे चढ असा नाहीच, इंजिनाला जमेल तेवढाच, आणि दऱ्यांवर जुने लोखंडी पूल आहेत त्यांवरून सायकल नेताना खाली फळ्या खडखडतात. पण लक्षात घ्या, बराचसा भाग दाबलेल्या मातीचा आहे, २५ मिमी रुंदीचे टायर लावून जाऊ नका, ३२ असेल तर मजेत. आणि पाऊस पडून गेला असेल तर सरळ रद्द करा. तिथली माती चिकणी आहे, टायरला अशी चिकटते की ब्रेकच्या फटीत गोळे होऊन चाक फिरायचंच थांबतं. मी काडीने खरवडत अर्धा तास काढलाय, वरून एक आजोबा गाढवासारखं बघत उभे होते, म्हणजे मी गाढव, ते नव्हे.

या वाटेवर थुएरोस नावाचं पांढरं गाव लागतं, कड्याला चिकटलेलं. वाट गावाच्या खालून जाते, गावात जायला वर चढावं लागतं, चढा. गावाच्याही वर वटवाघळांच्या गुहेपर्यंत साधारण ४ किमीचा डांबरी रस्ता जातो, पुढे कुठेच जात नाही, त्यामुळे गुहा बघायला येणाऱ्या गाड्या सोडल्या तर कोणी नाही. असे बंद टोकाचे रस्ते सायकलला सोनं आहेत. काब्राजवळ डोंगरावरच्या देवळाचा रस्ताही तसाच, १२०० मीटरच्या वर जातो, माथ्यावरून अर्धं आंदालुसिया दिसतं असं वाटतं. रविवारी मात्र तिथे सहकुटुंब गाड्या येतात, मंगळवार-बुधवार धरा.

काथोर्लाकडे जायचं असेल तर ए-३१९ ने बुरुंचेलवरून पालोमासची खिंड. बुरुंचेलपर्यंत ऑलिव्ह, पुढे एकदम पाइनचं जंगल, हवा बदलते, वास बदलतो. पण ते नॅचरल पार्क आहे, ईस्टरच्या आठवड्यात आणि ऑगस्टमध्ये सगळा स्पेन तिथे असतो, तेव्हा शांत रस्ता वगैरे विसरा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. ऑलिव्हच्या भागात रस्ता शांत आहे का हे नकाशापेक्षा कॅलेंडरवर जास्त ठरतं. तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते ती जानेवारी, कधी फेब्रुवारीपर्यंत चालते. त्या दिवसांत सगळ्यात बारका, सगळ्यात पिवळा रस्ताच सगळ्यात बिझी, कारण शेतं तिथेच आहेत. ट्रॅक्टरला पुढे एक चिमटा असतो, तो खोड पकडतो आणि अख्खं झाड गदागदा हलवतो, पाच-दहा सेकंदांत खालच्या जाळीवर फळांचा सडा. बघायला भारी वाटतं. मग ती फळं ट्रॉलीत भरून तेलाच्या गिरणीकडे, वळणावर ट्रॉली हिंदकळते आणि मूठ-दोन मूठ रस्त्यावर. मागून येणारी गाडी ती चिरडते आणि त्या वळणावर अक्षरशः तेल. मी उतारावर अशाच एका उजव्या वळणावर मागचं चाक घसरून पडलो, कोपर सोललं, नवी जर्सी फाटली. तेव्हापासून नियम: काळे डाग दिसले की वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, आणि चाक सरळ ठेवायचं. हंगामात जायचंच असेल तर दुपारी दोन ते चार निघा, तेव्हा बहुतेक सगळे जेवायला बसलेले असतात. संध्याकाळी अंधार पडताना नको, सगळ्या ट्रॉल्या गिरणीसमोर लाइन लावायला तेव्हाच निघतात.

मग जायचं कधी? मार्चचा शेवट ते मेची सुरुवात. मेमध्ये ऑलिव्हला मोहोर येतो आणि हवेत परागकणच परागकण, ॲलर्जी असेल तर मे टाळा, शिंकत शिंकत घाट चढता येत नाही. जुलै-ऑगस्टला ४० च्या वर पारा जातो, आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ऑलिव्हचं झाड रस्त्याला सावली देत नाही. झाडं बुटकी, लांब लांब लावलेली, रस्त्यापासून मागे. कोट्यवधी झाडांच्या मधून जाताय आणि डोक्यावर ऊन कायम. सप्टेंबरचा शेवटही चांगला, फळ झाडावर आहे पण ट्रॅक्टर अजून निघालेले नाहीत.

पाण्याचं बघा. गावांमध्ये १५-२० किमी काहीच नसतं, दुकान नाही, टपरी नाही. दोन मोठ्या बाटल्या लागतातच. गावात शिरलात की चौकात दगडी कारंजं असतं, त्याच्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर पिऊ नका, नसेल तर तिथल्या आजींना विचारा. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बंदच. बार उघडे असतात. सकाळी बारमध्ये ‘तोस्तादा कोन आथेइते’ मागा, भाजलेला पाव येतो, शेजारी तेलाची बाटली, त्याच्यावर हवं तेवढं ओतायचं. तिथलं तेल बहुतेक पिकुआल जातीचं, हिरवट, गिळल्यावर घशात मिरचीसारखं झणझणतं, ठसका लागला तर घाबरू नका, ताजं आणि चांगलं असल्याची खूण आहे ती. दोन तोस्तादा आणि कॉफीवर मी आरामात ५० किमी काढतो.

गिअरचं एका वाक्यात: पुढच्या लहान चक्रीला ३४ दाते, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला ३२ किंवा ३४, त्यात लाज नाही, गावांमधल्या गल्ल्याच घाटापेक्षा उभ्या असतात.

नियमांचं थोडं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कानात इअरफोन चालत नाही, दोन्ही कानात काय आणि एका कानात काय. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे पण वळणांवर एकामागे एक या. गाडीवाल्याने ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि गंमत म्हणजे ते खरंच पाळतात, मागे शांतपणे येत राहतात, हॉर्न नाही काही नाही. सवय नसल्यामुळे आपल्यालाच टेन्शन येतं की हा मागे का लागलाय. जागा मिळाली की हात करा, ते हात करून जातात. काही झालंच तर ११२.

आणि तेल विकत घ्यायचं असेल, घ्यावंच, तर गावाच्या सहकारी गिरणीत घ्या, ५ लिटरचा डबा मिळतो. फक्त ते पहिल्या दिवशी करू नका. मी केलं. डबा मागच्या कॅरिअरला बांधून अल्बांचेथची खिंड चढलो आणि माथ्यावर पोचेपर्यंत त्या तेलाला आणि मला दोघांनाही शिव्या घातल्या.