पिकअपच्या पुढच्या चाकांना हाऊसिंग घालायचं असेल तर

बेळगावच्या उद्यमबागेत माझं शेड आहे. अधूनमधून कोणीतरी पिकअप घेऊन येतो आणि म्हणतो, ‘अण्णा, पुढं जीपसारखं अख्खं हाऊसिंग घालून द्या की.’ हाऊसिंग म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध, सरळ ॲक्सल. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी डांबरी रस्त्यावर फिरणार काय? हो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलं म्हणून हे बदलत नाही, कायदा केंद्राचा आहे. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण. त्यामुळं पुढं लिहितोय ते फक्त रानात, बागेत राहणाऱ्या गाडीसाठी. माझी जुनी महिंद्रा गेटअवे फोर बाय फोर पिकअप आरसी सरेंडर करून जांबोटीकडच्या काजूच्या बागेत ठेवलीय, तिच्यावर हे काम केलंय.

आता कशासाठी करायचं ते. गेटअवेला पुढं टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात आणि मधला डिफ्रन्शल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा) चासीला टांगलेला. रस्त्यावर हे झकास. पण पावसाळ्यात आमच्या बागेतल्या लाल चिखलात ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. तिथं गाडीचं नाक दबलं की डिफ्रन्शलही तिच्याबरोबर खाली येतो, आणि चाक लटकलं की ड्राइव्ह शाफ्टचा सांधा तिरका होऊन ताणतो. हाऊसिंगच्या गाडीत एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि मधला गोळा चाकांच्या हिशेबानंच राहतो. २०१० ला थार आली तेव्हा कंपनीनंच दोन्ही प्रकार विकले की: सीआरडीई मॉडेलला टॉर्शन बार, डीआय मॉडेलला पाटे (लीफ स्प्रिंग) आणि सरळ ॲक्सल. बदल्यात चाकाकडचं वजन वाढतं आणि गाडी उधळते. बागेत ते चालतं.

हाऊसिंग भंगारात बघायला जाताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, गोळा कुठल्या बाजूला. तुमच्या गाडीखाली झोपून बघा, ट्रान्सफर केसमधून (ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी) पुढच्या ॲक्सलकडं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट डावीकडनं निघतोय की उजवीकडनं. हाऊसिंगचा गोळा त्याच बाजूला पाहिजे. उलट्या बाजूचं फुकट मिळालं तरी उचलू नका. दुसरी, रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते. पुढचा आणि मागचा एकच लागतो, नाहीतर कोरड्या जमिनीवर फोर व्हील टाकली की शाफ्ट पिळवटतात. दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. दोन्ही चाकं उचला, एक चाक कोणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनला (शाफ्ट जोडतो तो छोटा गिअर) किती फेरे पडले ते मोजा. तोच रेशो. कव्हर उघडलं असेल तर दात मोजा: जुन्या जीपच्या क्राऊनला (मोठ्या गिअरला) ४३ आणि पिनियनला ८ असतात, भागाकार ५.३८. मागं ४.५ च्या आसपास असेल तर जीपचं हाऊसिंग क्राऊन-पिनियन बदलल्याशिवाय बसायचं नाही. तिसरी, चाकाचे बोल्ट आणि दोन चाकांमधली रुंदी. जीपच्या हबला पाच बोल्ट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. मागच्या चाकाशी जुळत नसेल तर दोन प्रकारच्या स्टेपन्या बाळगाव्या लागतात. जिप्सीचं हाऊसिंग स्वस्त आणि हलकं मिळतं, पण डिझेल इंजिनाच्या पिकअपखाली मी ते घालणार नाही.

आणलेलं हाऊसिंग आधी पूर्ण खोला. किंगपिनची (चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंग, ऑइल सील, हब बेअरिंग नवी घाला. ट्यूब वाकलीय का ते लेथवाल्याकडनं तपासून घ्या. उद्यमबागेत हे काम तासाभराचं आहे, त्यात कंजुषी नको.

पाटे की कॉइल? पाटेच. कॉइल घातली की ॲक्सल धरून ठेवणाऱ्या लिंक आल्या, त्याला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड आला, तो ड्रॅग लिंकला (स्टीयरिंगकडनं चाकाकडं जाणारा दांडा) समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा लागतो, नाहीतर खड्ड्यात स्टीयरिंग आपोआप वळतं. पाट्यांची अडकवण्याची पक्की बाजू पुढं आणि शॅकल (झुलती कडी) मागं ठेवा. मग चाक दगडाला आपटलं की ॲक्सल थोडा मागं सरकतो आणि धक्का गिळतो. उलटं केलं तर तो दगडावर पुढं चाल करून जातो.

आता खरी डोकेदुखी, अँगल. बहुतेक लोक आधी गाडी किती उंच करायची ते ठरवतात आणि अँगल मागाहून बघतात. मी उलटं सांगतो.

किंगपिनचा वरचा टोक मागं कललेला असतो, तो कॅस्टर. पाट्यांच्या पॉवर स्टीयरिंगवाल्या गाडीला ५ ते ६ अंश असला की स्टीयरिंग आपसूक सरळ येतं. हाऊसिंग फिरवलं की कॅस्टर आणि पिनियन दोन्ही एकदम फिरतात: पिनियनचं नाक वर उचललं तर कॅस्टर तेवढाच कमी होतो. समजा तुमच्या हाऊसिंगला पिनियन सपाट असताना ३ अंश कॅस्टर आहे. साध्या, दोन क्रॉसच्या (वळणाऱ्या सांध्यांच्या) प्रॉपेलर शाफ्टला ट्रान्सफर केसचा फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) आणि पिनियनचा फ्लँज समांतर लागतात. इंजिन मागं साधारण ३ अंश कललेलं असतं, म्हणजे पिनियनचं नाकही ३ अंश खाली, आणि कॅस्टर झाला ६. काही न कापता काम झालं.

पण गाडी जास्त उंच केली की शाफ्ट इतका उभा होतो की साधा क्रॉस थरथरतो. मग ट्रान्सफर केसकडं डबल क्रॉसचा शाफ्ट घालावा लागतो आणि त्याला पिनियन थेट केसकडं रोखलेलं पाहिजे, समजा ८ अंश वर. लगेच ३ चा कॅस्टर उणे ५ झाला. असली गाडी वळली की वळतच जाते. ती ६ वर आणायला हाऊसिंगच्या टोकांचे किंगपिन धरणारे सी आकाराचे तुकडे कापून ११ अंश फिरवून परत वेल्ड करायचे, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. पाट्याखाली पाचर घालून दोन-तीन अंश सुधारतात, अकरा नाही. म्हणून गाडी लागेल तेवढीच उचला, इंचभरही जास्त नको.

मोजायला चुंबकवाला डिजिटल अँगल गेज घ्या. शेडची फरशी पाणसळीनं तपासा, गाडी पूर्ण वजनानं पाट्यांवर उभी करा, मागच्या हौद्यात नेहमीचा भार ठेवा. चासीच्या दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा करा. मागच्या ॲक्सलपासून पुढच्यापर्यंतचं अंतर डावीकडं आणि उजवीकडं सारखं आलं की कर्णही मोजा. आमचा वेल्डर कानडी आहे. पाटा ज्यावर बसतो ते पॅड टॅक करताना प्रत्येक टॅकनंतर तो ‘स्वल्प तडीरी’ (जरा थांबा) म्हणून गेज परत ठेवतो, कारण वेल्ड थंड होताना पॅड ओढलं जातं. पोरांना कंटाळा येतो, मला येत नाही. पॅड टॅकवरच ठेवून गाडी जमिनीवर उतरवायची, परत मोजायचं, मगच पूर्ण वेल्ड.

रॅक अँड पिनियन जातं, त्याच्या जागी स्टीयरिंग बॉक्स येतो. सगळा झटका चासीच्या एका कोपऱ्यावर पडतो आणि पातळ पत्रा तिथंच फाटतो. आतून आरपार नळीचे तुकडे घाला, बाहेरून पट्टी ठोका, पट्टीची टोकं तिरकी कापा. चासीवर सरळ उभी वेल्ड ओढली की तडा तिथनंच जातो. पिटमन आर्म, नकल, टाय रॉड एंड या स्टीयरिंगच्या भागांना गॅसनं तापवून वाकवायचं नाही, वेल्ड तर मुळीच नाही. जुना मिस्त्री ‘काय होत नाही हो’ म्हणाला तरी नाही.

वेल्डिंगला ७०१८ नंबरचे रॉड. आमच्या खानापूरच्या पावसात हे रॉड उघडे राहिले की ओल धरतात, मग वेल्ड चांगली दिसते आणि आतून चिरते. भट्टीत ३०० अंशाच्या वर भाजून घेतलेलेच वापरा. बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढून ठेवा, अर्थ वेल्डच्या जवळच लावा.

फिटिंग झाल्यावर पाट्यांतला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे तात्पुरते काढा. मग जॅकनं एक चाक वर, दुसरं लटकलेलं, असं पूर्ण दाबून-सोडून बघा. इंजिनाचा सम्प (खालचं ऑइलचं भांडं) आणि हाऊसिंग यांत पूर्ण दाबल्यावरही बोटभर फट राहिली पाहिजे. ती देणं हे बंप स्टॉपचं (चासीखालच्या रबरी ठोकळ्याचं) काम. टायर चिकटतो का, ब्रेकची नळी पूर्ण लटकल्यावर ताणते का, स्टीयरिंग दोन्हीकडं लॉकपर्यंत वळवून परत बघा. नळी ताणली तर लांब नळी करून घ्या, ब्रॅकेट सरकवून भागवू नका.

टो-इन (चाकं पुढनं किंचित आत वळलेली असणं) दोऱ्यानं मोजता येतो: टायरच्या मध्यावर खडूनं रेघ, हबच्या उंचीला पुढं आणि मागं अंतर घ्या, पुढं १ ते ३ मिमी कमी. शेवटी ब्रेकची हवा काढा, आणि बागेत हळू चालवून बघा. स्टीयरिंग थडथडलं तर लगेच डॅम्पर (झटके दाबणारा शॉकअप) विकत आणू नका, त्यानं आवाज लपतो आणि रोग तसाच राहतो. किंगपिनचा ढिलेपणा, टाय रॉड एंड, पाट्याचे बुश आणि कॅस्टर, याच क्रमानं तपासा. पहिल्या आठवड्यात पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट परत आवळा. नवे पाटे बसतात आणि बोल्ट ढिले होतात, पुढचा महिनाभर दर आठवड्याला पाना लावून बघा.