पॅच पाठवण्याआधी: एररच्या वाटा आणि अनलाइकली

लिनक्स कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर चालू लागला की पॅच, म्हणजे कोडातला बदल, पाठवायची घाई होते. त्याआधी कोडावरून एक फेरी फक्त एररसाठी मारा. बोलावलेलं प्रत्येक फंक्शन अपयश कसं कळवतं, हे अंदाजाने ठरवू नका, सोर्स उघडून पाहा. मेमरी मागणारा के-मॅलॉक ती मिळाली नाही की नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतो. क्लॉक मागणारं क्लक_गेट मात्र एररचा आकडा पॉइंटरमध्येच भरून देतं. -१ ते -४०९५ हे आकडे अ‍ॅड्रेसच्या अगदी वरच्या टोकाला बसतात आणि इज_एरर नेमका तेवढाच पट्टा तपासतो. नल त्या पट्ट्यात येत नाही. म्हणजे के-मॅलॉकच्या निकालावर इज_एरर लावलात, तर वाचणाऱ्याला तपासणी दिसेल, पण नल बिनबोभाट पुढे जाईल आणि तो पॉइंटर वापरताच कर्नल ऊप्स, म्हणजे गंभीर चुकीचा अहवाल, देईल. इंटरप्टचा नंबर देणाऱ्या फंक्शनकडून ऋण आकडा आला आणि तुम्ही तो अनसाइन्ड (ऋण आकडा न ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवलात, तर ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट कधीच खरी होणार नाही. यूजर प्रोग्रामच्या मेमरीतून डेटा उतरवणारं कॉपी_फ्रॉम_यूजर न उतरलेल्या बाइटांची संख्या देतं. ती तशीच परत न करता उणे ईफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याचा एरर-आकडा, द्या.

एरर आल्यावर गोटूने ज्या लेबलांवर उडी मारता, ती मेमरी, क्लॉक वगैरे घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने सोडतात ना, हे बोट ठेवून वाचा. मग त्या वाटा खरोखर चालवून बघा. फेलस्लॅब ही कर्नलमधली चाचणीची सोय चालू करून मेमरी मुद्दाम नाकारता येते. त्यातलं इग्नोर-जीएफपी-वेट हे सेटिंग मुळात ‘वाय’ असतं. ते ‘एन’ केलं नाही तर झोपू शकणारी (मेमरीसाठी थांबू शकणारी) मागणी, म्हणजे ड्रायव्हरमधली बहुतेक, नाकारलीच जात नाही आणि चाचणी पास झाल्याचं खोटं समाधान मिळतं.

अनलाइकलीला, म्हणजे ‘ही अट क्वचितच खरी होते’ असं सांगणाऱ्या हिंटला, हात यानंतरच लावा. तो मुळात कंपायलरसाठी आहे: क्वचित लागणारा कोड बाजूला सरकतो, नेहमीची वाट सरळ राहते आणि इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये नीट मावते. प्रोबमध्ये, जे डिव्हाइस जोडताना एकदाच चालतं, तो लावून काही मिळत नाही. मी तरी तिथून काढायलाच सांगते. इज_एररभोवती तर मुळीच नको, कारण त्याच्या पोटात अनलाइकली आधीच आहे आणि पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट तसा इशाराही देते.

पॅकेट किंवा पेज-फॉल्टसारख्या गरम (सतत चालणाऱ्या) वाटेवर हिंट ठेवायचीच असेल, तर प्रोफाइल_अ‍ॅनोटेटेड_ब्रँचेस हा पर्याय चालू करून कर्नल बांधा, खरं काम चालवा आणि ट्रेस_स्टॅट या डिरेक्टरीतली ब्रँच_अ‍ॅनोटेटेड ही फाइल वाचा. प्रत्येक हिंटपुढे ती किती वेळा बरोबर ठरली, किती वेळा चुकली, हे आकडे असतात. चुकीचा रकाना जड दिसला, तर ती ओळ पॅचमधून काढा.