समुपदेशकावर विश्वास बसेपर्यंत

सांगलीत मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जायचे ठरवले, की बहुतेकांना पहिली काळजी उपचारांची नसते. दवाखान्याच्या बाकावर आपल्याच गल्लीतले कोणी भेटले तर काय सांगायचे, याची असते. त्यामुळे कोणी मिरजेला जातो, तर कोणी थेट कोल्हापूर गाठतो, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र हे उपचार एका भेटीत उरकणारे नसल्याने, दर आठवड्याला झेपेल एवढेच अंतर निवडावे.

औषधे लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. औषधे न देता बोलण्यातून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेकडे असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र फार वेगवेगळे शिक्षण घेतलेली माणसे लावतात, तेव्हा वेळ ठरवतानाच शिक्षण, अनुभव आणि फी विचारून घ्यावी. सांगणारा चिडला, तर तेही एक उत्तरच समजावे.

पहिल्या भेटीत सगळे आयुष्य उलगडण्याची गरज नाही. आधी गोपनीयतेबद्दल स्पष्ट विचारावे: नोंदी कोण पाहते, घरून फोन आला तर काय सांगितले जाते, बाजारात समोरासमोर आलो तर ओळख दाखवायची की नाही? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे, असे काही अपवादही त्यात आहेत. हे अपवाद तुम्ही विचारण्याआधीच जो समजावून सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायला हरकत नाही.

पुढे विश्वास हप्त्याहप्त्याने द्यावा. सासूशी झालेली कुरबूर किंवा ऑफिसातला अपमान अशी बेताची गोष्ट आधी सांगून, समोरचा ऐकतो की लगेच उपदेश सुरू करतो, हे पाहावे. ‘नैराश्य’ वगैरे शब्द शोधत बसू नये. ‘छातीत धडधडतं’, ‘कशातच जीव लागत नाही’ असे घरात बोलतो तसेच बोलावे. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्यातील नात्याचे तीन भाग मांडले होते: काय साधायचे यावर एकमत, ते कसे साधायचे यावर एकमत, आणि दोघांमधील जिव्हाळा. आपल्याकडे जिव्हाळ्यावरच सारी भिस्त ठेवली जाते आणि पहिले दोन भाग राहून जातात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या भेटीत ‘आपण नेमके कशासाठी भेटतो आहोत?’ असे मोकळेपणाने विचारावे.

एखादे वाक्य लागले, तर ‘साहेबांना कसे सांगायचे’ म्हणून गप्प राहून पुढची वेळ चुकवण्याऐवजी, ‘मागच्या वेळचे तुमचे बोलणे मला लागले’ असे सांगून पाहावे. चांगला तज्ज्ञ त्यावर थांबतो आणि आपली चूक असेल तर मान्य करतो. बऱ्याचदा खरा विश्वास अशा भेटीनंतरच बसू लागतो. याउलट जो दुसऱ्या रुग्णांच्या कहाण्या सांगतो, उसने पैसे मागतो किंवा लग्न करण्याचा अथवा मोडण्याचा निर्णय स्वतःच देऊन टाकतो, त्याच्याकडे जाणे बिनदिक्कत थांबवावे.

जीव देण्याचे विचार येत असतील, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

तज्ज्ञ बदलायचाच असेल, तर शक्य झाल्यास एक शेवटची भेट घेऊन कारण सांगावे आणि आजवरच्या उपचारांचा सारांश लिहून मागावा, म्हणजे नव्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.